फास्टचा घाणा

भवानी पेठेतल्या त्या शेडमध्ये पूर्वी आठ यंत्रमाग होते. आता तिथं एक मोठी भट्टी आहे, बटाटे किसायचं एक यंत्र आहे आणि पाकिटं बंद करायची दोन मशीन. दारावर पाटी नाही. गल्लीत शिरलं की तेलाचा वास येतो, वासामागं गेलं की शेड सापडते. विजयमाला बंडगर या शेडमध्ये अकरा वर्षं तळणाचं काम करत होती. सकाळी सातला ती कढईसमोर उभी राहायची आणि दुपारी साडेतीनला बाजूला व्हायची. मधे जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी.

तिचं वय त्रेचाळीस. माहेर माढा तालुक्यातलं, मेंढरं राखणारं घर. नवरा जोतिराम टँकरवर ड्रायव्हर होता. तो बारा वर्षांपूर्वी टेंभुर्णीजवळ अपघातात गेला. मुलगी पूनम लग्न होऊन टेंभुर्णीतच आहे. विजयमाला पेठेतल्या एका खोलीत एकटी राहते.

दोन वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. आधी पाण्याची बादली उचलताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली, औषध ओढायचा पंप लिहून दिला आणि मग विचारलं, काम काय करता. तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग या पंपाचा फार उपयोग नाही. धुरातून बाहेर पडा. अजून दोन वर्षं तिथं काढलीत, तर खोलीतल्या खोलीत चालणंही अवघड होईल." तिनं मालकीणबाईंकडे पॅकिंगचं काम मागितलं. पॅकिंगला मुली हव्या तितक्या मिळत होत्या, तळणाला माणूस मिळत नव्हतं. काम बदललं नाही.

बाहेर पडायला वाट एकच दिसत होती. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. संस्थेतले कारकून रेवणप्पा तिच्याच गल्लीत राहतात. ते म्हणाले, "बाकी सगळं बसतंय बघा. फक्त पदवी पायजे. मेअखेर पासचा कागद आणून द्या, तोवर तुमचा अर्ज मी वरच ठेवतो."

विजयमाला तेव्हा बाहेरून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. एकेक विषय सोडवत ती पाच वर्षांत तिथवर आली होती. राहिला होता एक पेपर आणि त्या पेपरला जोडलेलं वीस गुणांचं लेखी काम. लेखी कामात आठ गुण पडले नाहीत, तर पेपर कितीही चांगला गेला तरी नापास. नापास म्हणजे आणखी एक वर्ष, आणि ते वर्ष कढईवर.

अभ्यास केंद्र एका शाळेत आहे. दर रविवारी दहा ते दोन वर्ग भरतो. शिकवायला ज्ञानदा मॅडम असतात. वय तिशीतलं, बोलणं नेमकं. विद्यार्थ्यांत होमगार्ड आहेत, अंगणवाडीच्या बायका आहेत, एसटीतले दोन मेकॅनिक आहेत. सगळ्यांना त्या अहो-जाहो करतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी त्यांनी लेखी कामाचा विषय वाचून दाखवला. फास्ट फूड उद्योगावर एका परदेशी पत्रकारानं लिहिलेलं पुस्तक आहे, त्याचा मराठी अनुवाद केंद्रात आहे. प्रत एकच. हजेरीच्या क्रमानं प्रत्येकाला दोन दिवस मिळेल. पुस्तकाबद्दलची आपली पहिली प्रतिक्रिया आठशे शब्दांत लिहायची.

"विषय ऐकल्यावर मनात पहिल्यांदा जे येईल, तिथून सुरुवात करा," मॅडम म्हणाल्या. "गोड गोड लिहू नका. तुमच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडा. जे माहीत आहे ते लपवू नका."

विजयमाला सांगते, त्या दिवशी पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वर्गात हसू आलं. मागच्या वर्षी तिनं लोकशाही पाठ केली होती, त्याच्या आदल्या वर्षी काव्यशास्त्र. आणि आता विद्यापीठानं तिला फास्ट फूड विचारलं होतं.

इथं तिच्या शेडमधली भाषा सांगायला हवी. शेडमध्ये दोन प्रकारचा माल निघतो. उपवासाचा चिवडा, म्हणजे बटाट्याचा कीस, साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची, साखर. आणि साधं फरसाण, म्हणजे बेसनाची शेव, पापडी, बुंदी. उपवासाच्या चिवड्याचं पाकीट मालकीणबाईंच्या मुलानं पुण्याहून छापून आणलं होतं. त्यावर मोठ्या लाल इंग्रजी अक्षरांत फास्ट फूड लिहिलेलं आहे आणि खाली बारीक मराठीत 'उपवासाचा चिवडा'. तेव्हापासून शेडमध्ये त्या मालाला फास्ट म्हणतात. कढईतून एका वेळी निघतो तो घाणा. सकाळी फास्टचे घाणे, दुपारी फरसाणचे. "आज फास्ट किती काढायचं?" हा विजयमालाच्या दिवसातला पहिला प्रश्न असायचा.

सात रस्त्याच्या चौकात हातगाड्यांवर 'फास्ट फूड' लिहिलेलं तिनं अनेकदा वाचलं होतं. ती त्या खाण्याला चायनीज म्हणायची, सगळेच म्हणतात. गाडीवर अंड्यांचा ट्रे बघून तिला गाडीवाल्यांचं नवल वाटायचं. अंडी विकतात आणि वर फास्ट लिहितात, यांना कुणी विचारत कसं नाही?

हजेरीत तिचा नंबर बराच खाली होता. पुस्तक यायला तीन आठवडे होते. महाशिवरात्र जवळ आली होती आणि शेडमध्ये फास्टचे घाणे दुप्पट झाले होते. पुढं वेळ मिळायचा नाही म्हणून तिनं लिहून टाकायचं ठरवलं. विषय कळल्यावर जे मनात येईल ते लिहा, असंच तर मॅडम म्हणाल्या होत्या. पहिली प्रतिक्रिया पुस्तक वाचायच्या आधीच लिहायची असते, अशी तिची समजूत झाली. वाचल्यावर लिहिली तर ती दुसरी होईल.

आठशे शब्दांच्या जागी नऊ पानं झाली. पहिलं वाक्य होतं, 'माझा आणि फास्ट फूड उद्योगाचा संबंध अकरा वर्षांचा आहे.' कीस पाण्यातून किती वेळा काढायचा, घाणा झाला हे तेलाच्या आवाजावरून कसं ओळखायचं, एकादशीच्या आधीच्या आठवड्यात बायका संडासला जायचं कसं टाळतात, धूर कुठून बाहेर पडतो आणि कुठून पडत नाही, सगळं तिनं लिहिलं. पाचव्या पानावर हे होतं: 'लोकांना वाटते की उपवासाचे सर्व वेगळे असते. आमच्याकडे सकाळी फास्ट तळतात व दुपारी त्याच तेलात शेव व पापडी तळतात. रात्री तेल फडक्यातून गाळून ठेवतात व सकाळी त्याच तेलात पुन्हा फास्ट तळतात.'

"तक्रार म्हणून न्हाय लिवलं," ती सांगते. "कसं चालतं ते लिवलं. लपवू नका म्हणल्या की मॅडम."

पुढच्याच रविवारी तिनं ती पानं मॅडमच्या हातात दिली. वर्गात सर्वांत आधी काम तिचं आलं. मॅडमनी तसं बोलूनही दाखवलं.

पुस्तक तिच्याकडे फेब्रुवारीत एका बुधवारी आलं. जेवणाच्या सुट्टीत ती शेडच्या मागच्या दारात बसली. शेजारी गिरिजाबाई भाकरी सोडत होत्या. गिरिजाबाई अक्कलकोटकडच्या, वयानं पन्नाशीच्या पुढं, घरी कानडी बोलणाऱ्या. त्या बटाटे सोलतात आणि किसणीच्या यंत्रावर बसतात. विजयमाला त्यांना गिरजाक्का म्हणते. विजयमालानं पुस्तकाला घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर सरळ केलं आणि पहिलं पान उघडलं. पहिल्याच पानावर हमरस्त्याकडेचं एक दुकान होतं. त्यात बर्गर होता, गाईचं मांस होतं, आणि गाडीतून न उतरता खिडकीतून खाणं घेणारी माणसं होती. तिनं विसावं पान उघडलं. तिथं कोंबड्या होत्या. मग तिनं मागची शब्दसूची काढली आणि बोट फिरवत खालपर्यंत गेली.

"काय गं विजे, लई मोठं पुस्तक हाय काय?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"गिरजाक्का, यात उपास न्हाय."

"म्हंजे?"

"फास्ट म्हंजे उपास न्हाय हितं. फास्ट म्हंजे घाई. गाडीवरचं असतंय ते. मी सगळं भलतंच लिवून दिलं."

गिरिजाबाई आधी हसल्या. हसताना भाकरीचा तुकडा घशात अडकला आणि त्या खोकल्या. मग विजयमालाचं तोंड बघून थांबल्या. "एन माडूदु आता," त्या म्हणाल्या, आणि मराठीत पुन्हा म्हणाल्या, "काय करायचं आता? कागद मागून घे की परत."

विजयमालानं तिथूनच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "मी वाचलंय, बंडगरताई. आपण रविवारी बोलू." आवाजात राग नव्हता. पण रविवारला चार दिवस होते, आणि लेखी काम द्यायची शेवटची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी पाच.

त्या चार दिवसांत तिनं पुस्तक वाचलं. दोन दिवसांची मुदत संपल्यावर पुढच्या नंबरचा होमगार्ड पुस्तक न्यायला आला, त्याच्या हातापाया पडून तिनं ते ठेवून घेतलं. सकाळी सहा ते पावणेसात आणि संध्याकाळी पाचनंतर ती वाचायची. दुपारी गिरिजाबाईंना सांगायची. तिला आधी फक्त नापास व्हायची भीती होती. मांसाची पानं ती दोन बोटांत धरून उलटत होती. पण तिसऱ्या प्रकरणात पत्रकार स्वतः एका दुकानाच्या भटारखान्यात नोकरीला लागतो, तिथून तिचं वाचणं बदललं. त्या दुकानात बटाटे तळायचं काम लुईस नावाच्या माणसाकडे होतं. अनुवादकानं त्याला 'तळणकामगार' म्हटलं होतं.

"आपल्याला एवढं मोठं नाव हाय, म्हाईत होतं का तुला?" तिनं गिरिजाबाईंना विचारलं. "तळणकामगार."

"मग मी काय सोलणकामगार का?"

"तू किसणअधिकारी."

लुईसला घाणा झाला की नाही हे ठरवायची मुभा नव्हती. यंत्र शिटी वाजवायचं, जाळी आपोआप वर यायची. विजयमालाला ते विचित्र वाटलं. तेलाचे बुडबुडे बारीक झाले आणि आवाज पातळ झाला की कीस काढायचा, हे शिकायला तिला वर्ष लागलं होतं. यंत्रालाच कळत असेल, तर माणूस कशाला ठेवलाय? उत्तर पुढच्या पानावर होतं. माणूस तेल बदलायला आणि भाजून घ्यायला ठेवला होता. लुईसच्या कोपरापर्यंत डाग होते. त्याला लघवीला जायचं तर विचारावं लागायचं. तेल कधी बदलायचं हे कागदावर लिहिलेलं होतं, आणि प्रत्यक्षात ते तपासनीस यायच्या आदल्या दिवशीच बदललं जायचं. हे सगळं लुईसनं पत्रकाराला सांगितलं होतं.

"बघ की," विजयमाला म्हणाली, "हे जगाच्या दुसऱ्या टोकाला हाय, आणि तेल तेच."

"तिकडं उपास धरत न्हाईत. त्यांचं काय मोडतंय?" गिरिजाबाई म्हणाल्या. पाचव्या पानावर आपण काय लिहून दिलंय, ते विजयमालाला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

रविवारी वर्ग सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतलं. नऊ पानं टेबलावर होती. पाचव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"हे पुस्तकाबद्दल नाही, बंडगरताई. मी याला गुण देऊ शकत नाही. शून्य द्यावं लागेल."

"व्हय. माझं चुकलं. मला फास्ट म्हणजे..."

"ते कळलं मला. उद्या पाचपर्यंत पुस्तकावर लिहून द्या, मी ते जमा करून घेईन. हे परत घेऊन जा." मग त्यांनी पानं दिली नाहीत, हाताखाली तशीच धरून ठेवली. "एक विचारू? ते तेलाचं खरं आहे?"

विजयमालानं पदर सारखा केला.

"माझी आई सोमवार करते. गेली सव्वीस वर्षं. माझा स्वतःचा चतुर्थीचा असतो. घरी हाच चिवडा येतो. तुमच्या मालकीणबाई, प्रेमलाताई, आईच्या भिशीतल्या आहेत."

"तेल गाळतेत मॅडम," विजयमाला म्हणाली. "फडक्यातनं. दोनदा गाळतेत."

"म्हणजे खरं आहे."

"लिवलंय ते खरं हाय."

मॅडमनी पानं तिच्याकडे सरकवली. "मी कुणाला तुमचं नाव सांगणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी ते पाळलंही. घरी जाऊन त्यांनी आईला एवढंच सांगितलं की तो चिवडा उद्यापासून खाऊ नकोस, तेल बेसनाचं असतं. आईनं कुणी सांगितलं ते विचारलं नाही. तिनं प्रेमलाताईंना फोन लावला.

प्रेमलाताईंनी हा उद्योग पती शरच्चंद्र यांच्या निवृत्तीनंतर घरच्या ओट्यावर सुरू केला होता. वय सदुसष्ट. अजूनही रोज सकाळी आठला शेडमध्ये येतात, पहिल्या घाण्यातला कीस तोंडात टाकून बघतात. स्वतः एकादशी करतात. त्या दिवशी मात्र घरचं थालीपीठ खातात, असं शेडमधल्या बायका सांगतात. सोमवारी त्या साडेसातलाच आल्या. शिवरात्रीला सहा दिवस होते. विजयमालाचे दोन घाणे निघाले होते.

"विजू, गॅस बारीक कर आणि इकडे ये."

पॅकिंगच्या मुलींना त्यांनी बाहेर चहाला पाठवलं. गिरिजाबाई किसणीच्या यंत्रावर होत्या, त्या उठल्या नाहीत. यंत्र मात्र त्यांनी बंद केलं.

"ज्ञानदा तुला शिकवते ना?"

"व्हय ताई."

"काय लिहून दिलंस तू तिला?"

विजयमालानं सांगितलं. फास्टचा घोळ सांगितला, पुस्तकाचं सांगितलं. प्रेमलाताईंनी मधे तोडलं नाही. त्यांना हसूही आलं नाही.

"अकरा वर्षांत तुला कधी मी टाकून बोलले?"

"न्हाय."

"तेल आपण गाळतो की नाही? गाळलेल्या तेलात धान्याचा एक कण राहतो का? सांग मला. दोन कढया पेटवायच्या तर दुसरी कढई ठेवू कुठं, तुझ्या डोक्यावर? भिशीतल्या आठ घरांत आज सकाळी ही गोष्ट गेली आहे. अजून पेठेत गेलेली नाही. शिवरात्रीचा माल पडून आहे." त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला. "लिही. तुझ्याच हातानं. उपवासाचं तेल वेगळं असतं, मी चुकून लिहिलं. सही कर. मी ते ज्ञानदाच्या आईला दाखवते. तू तुझ्या कढईवर जा, विषय संपला."

विजयमालानं कागद पाकिटं बांधायच्या टेबलावर ठेवला. 'उपवासाचे तेल' इथपर्यंत लिहिलं. तिथं पेन थांबलं.

या प्रसंगाबद्दल पेठेत नंतर बरंच बोललं गेलं. काही बायकांना ती सत्यवचनी वाटली, काहींना खाल्ल्या मिठाला न जागणारी. तिचं स्वतःचं म्हणणं साधं आहे. "लोक म्हणतेत खरं बोलली. तसं काय न्हाय. मी लिवणारच होते. मग मनात आलं, मॅडमकडं माझी नऊ पानं वाचून झाल्यात, आता हा कागद जाणार. अक्षर एकच. मॅडम म्हणणार, ही बाई काय पण लिवते. संध्याकाळी तिसरा कागद देणार, त्यावर त्या कशाला इश्वास ठिवतील? न्हाय लिवलं तर आज काम जातंय. लिवलं तर जूनचं जातंय."

तिनं कागद तसाच परत दिला. "मला जमंना ताई."

"मग घरी जा," प्रेमलाताई म्हणाल्या. "आणि परत येऊ नकोस." मग भट्टीकडे बघून त्या गिरिजाबाईंना म्हणाल्या, "गिरिजा, झारा घे. तेल जळतंय."

गिरिजाबाई उठल्या, हात पुसले आणि झारा घेतला. विजयमालाकडे त्यांनी बघितलं नाही. विजयमालानं खुंटीवरची पिशवी काढली. तीत डबा होता, पंप होता आणि पुस्तक होतं.

साडेनऊला ती शाळेच्या व्हरांड्यात पोचली. सोमवार असल्यानं शाळा भरलेली होती. शिपायानं तिला पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसू दिलं. चालत आल्यानं दम लागला होता, पंप दोनदा ओढला, तो रिकामा निघाला. बराच वेळ तिला काही लिहिता आलं नाही. कागदावर पहिलं वाक्य तिनं सहा वेळा लिहिलं आणि खोडलं. काम गेलं होतं. शिवरात्रीच्या हंगामात तळणारी बाई काढून टाकली, ही बातमी इतर शेडवाल्यांना दुपारपर्यंत कळणार होती, कारणासकट. पुस्तक मांडीवर होतं आणि त्यातलं तिला काहीच आठवेना. लुईस हे नावसुद्धा तिला उघडून बघावं लागलं.

नाव शोधताना ती पुढची प्रकरणं चाळत राहिली. चौथं, पाचवं, सहावं. शेवटच्या पानापर्यंत गेली आणि पुन्हा मागं आली. मग तिनं लिहायला घेतलं.

तिनं दिलेलं काम साडेचार पानांचं आहे. भाषा अडखळती आहे, पुस्तकातल्या आकड्यांपैकी दोन चुकलेले आहेत. शेवटचा परिच्छेद असा: 'या पुस्तकाबद्दल माझी पहिली प्रतिक्रिया अशी आहे की लेखक शूर आहे व त्याने खूप मेहनत केली आहे. परंतु लुईस फक्त तिसऱ्या प्रकरणात आहे. त्याने लेखकाला तेलाचे सर्व सांगितले. त्यानंतर तो कोणत्याही पानावर नाही. मी सर्व पाने पाहिली. पुस्तक छापल्यावर लुईस कामावर राहिला की नाही हे लेखकाने लिहिलेले नाही. लेखकाने त्याला विचारले असेल तर ते लिहायला पाहिजे होते. मला ते वाचायचे होते.'

साडेचारला मॅडम आल्या. त्यांनी उभ्याउभ्याच पानं चाळली आणि शेवटचं पान दोनदा वाचलं.

"तुम्ही आज कामावर नाही गेलात?"

"गेले होते."

मॅडमना कळायला थोडा वेळ लागला. "मी आईला नाव नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या.

"नाव कशाला लागतंय मॅडम? शेडमध्ये शिकणारी मी एकलीच."

मॅडमनी पानांवर तारीख आणि वेळ घातली, सही केली. विजयमालानं पोच मागितली. त्यांनी ती लिहून दिली.

शिवरात्रीचा माल विकला गेला. भिशीतल्या आठ घरांनी दुसऱ्या दुकानाचा चिवडा आणला, बाकी शहराला काही कळलं नाही. विजयमालानं पेठेतल्या चार शेडमध्ये विचारून बघितलं. दोघांनी नाही म्हटलं. एकानं, तू तीच ना, असं विचारलं. चौथ्यानं काम दिलं असतं, पण कढईवरच. मार्चच्या शेवटी पेपर देऊन ती माहेरी गेली. वडील धुळा पंचाहत्तरीचे आहेत, पण अजून मेंढरांमागं जातात. उन्हाळ्यात मेंढरांच्या वाड्याजवळ लोकर आणि धूळ उडते, तिथं तिला बसवेना. दिवसा ती बांधावरच्या लिंबाखाली बसून राहायची. पंप संपला होता, नवा आणला नव्हता. एप्रिलमध्ये दोनदा वडिलांनी तिला मोटरसायकलवर मधे बसवून माढ्याच्या दवाखान्यात नेलं, पुढं शेजाऱ्याचा मुलगा आणि मागून धरायला ते स्वतः. "कशाला शिकत बसलीस," असं ते एकदाच म्हणाले. तिच्यात बोलायला दम नव्हता.

निकाल चोवीस मेला लागला. लेखी कामात वीसपैकी नऊ. पेपरात काठावर पास. रेवणप्पांनी अर्ज खरंच वर ठेवला होता. विजयमाला एक जूनला वसतिगृहात रुजू झाली. एकशे दहा मुली, राहायला तिला एक खोली, खोलीला दोन खिडक्या. आता सलग दोन वाक्यं बोलून झाल्यावर ती थांबत नाही.

जुलैमध्ये एका दुपारी तिला गिरिजाबाईंचा फोन आला. त्या दिवसानंतरचा हा पहिलाच. आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं, मुली त्रास देतात का, जेवण कसं असतं. मधे मधे त्या खोकत होत्या.

"गिरजाक्का, कढईवर कोण हाय आता?"

"मीच की. दुसरं कोण येतंय?"

"आणि दम?"

"जिना चढताना लागतंय. वय झालं."

"वय न्हाय ते," विजयमाला म्हणाली. मग तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं, डॉक्टर कुठल्या खोलीत बसतात ते सांगितलं. "सोमवारी जा. गर्दी कमी असती. आणि काम काय करता म्हणून इचारतील, तवा सगळं सांग."

"सगळं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"धुराचं सांग," विजयमाला म्हणाली.